काकड घातलं का?

चारोटीच्या नाक्यावर, जिथं जीपवाले ओरडून ओरडून माणसं कोंबतात, तिथून दहा पावलांवर जयवंती दर ज्येष्ठात शेवळांची पाटी घेऊन बसायची. झरीच्या पाड्यावरून पहाटेची पहिली जीप धरायची आणि ऊन चढायच्या आत पाटी रिकामी करून परत फिरायची, हा तिचा पंधरा वर्षांचा रिवाज. शेवळं म्हणजे रानातल्या कंदाला फुटणारा जांभळट कोंब. चवीला भलता गोड, पण अंगात खाज. ती मारायला काकड लागतं. काकड हे बोराएवढं हिरवं, आंबट फळ. ते ठेचून रस घातला की शेवळं मुकाट्यानं भाजी होतात. नाही घातला, तर घशात काटे रोवतात.

म्हणून जयवंती विकायची एक जुडी आणि सांगायची दहा गोष्टी. "हाताला तेल लावून चिर. आतला लाल भाग टाकून दे. आणि काकडाशिवाय कढई चढवू नको, बाई."

"अगं माहीत्ये. गेल्या वर्षी पण हेच सांगितलंस," डहाणूहून आलेली एखादी शिक्षिका हसून म्हणायची.

"गेल्या वर्षीचा घसा वेगळा होता काय?" जयवंती म्हणायची आणि मूठभर काकडं तिच्या पिशवीत फुकट टाकायची. नाक्यावरची माणसं तिला नावानं ओळखत नसत. काकडवाली म्हणत.

त्याच जयवंतीनं जूनमधल्या एका मंगळवारी स्वतःच्या घरात, स्वतःच्या चुलीवर, काकड न घालता शेवळं शिजवली आणि पहिला घास पाच वर्षांच्या नातीला भरवला.

घरात तेव्हा त्या दोघीच होत्या. मुलगा सुदाम भिलाडला कंपनीत, आठवड्यानं घरी यायचा. सून निर्मला तलासरीच्या एका पॅकिंगच्या कारखान्यात, सकाळी सातच्या गाडीनं जायची ती संध्याकाळी यायची. मधला सगळा दिवस प्राजक्ता आजीची. जयवंतीच्या घरची रीत अशी, की रांधणारीनं चाखायचं नाही, आधी पोरांना वाढायचं, मग पुरुषांना, आणि तळाशी उरेल ते स्वतः खायचं. तिच्या सासूनं तसं केलं, तिनंही तसंच केलं. त्यामुळे भाजीत काय चुकलंय ते कळायला आधी प्राजक्ताचीच जीभ होती.

तिसऱ्या घासाला पोर म्हणाली, "आजी, तोंडात मुंग्या चालतात."

"मुंग्या कुठल्या! नखरे नको. आ कर," म्हणत जयवंतीनं चौथा घास भरवला.

पुढं ती पुष्कळ काही विसरली, पण तो चौथा घास विसरली नाही.

पोरीचे ओठ सुजले. जीभ बाहेर काढून ती असं रडायला लागली की पलीकडून जाऊ बारकी ओल्या हातांनी धावत आली. तिनं गूळ चाटवला, चिंचेचं पाणी पाजलं, शेजारच्या पांड्याला मोटरसायकल काढायला लावली. तलासरीच्या डॉक्टरनं सुई टोचली आणि विचारलं, "काय खाल्लं होतं?"

"शेवळं," बारकी म्हणाली.

"काकड घातलं होतं का?"

बारकीनं जयवंतीकडं पाहिलं.

घरी आल्यावर दिसलं. काकडं पाट्यावरच होती. धुतलेली, देठ काढलेली, अख्खी.

संध्याकाळी निर्मला आली तेव्हा पोर झोपली होती, सूज उतरत आली होती. निर्मला ओरडली नाही. ती ओरडणाऱ्यातली नव्हती. बारावी शिकलेली कासाकडची पोरगी, हिशोबानं बोलायची. डबा धुऊन पालथा घातला, पोरीच्या कपाळाला हात लावला आणि मग चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, गोळ्या घेता ना?"

"कसल्या?"

"कसल्या म्हणून काय विचारता? रात्रीच्या."

जयवंतीनं चुलीमागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं कोळशाच्या रेघा होत्या. रोज रात्री एक गोळी, एक रेघ. तीस झाल्या की ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि डहाणूला नवी बाटली आणायला जायचं. लिहिता येत नसलेल्या बाईनं पंधरा वर्षं अशीच रात्र रात्र मोजून काढली होती.

निर्मलानं रेघा पाहिल्या. "कोळशाची रेघ ओढायला गोळी गिळावी लागत नाही, आई."

जयवंतीचा नवरा चिमण चारोटीच्या एका ट्रकवर क्लीनर होता. गुजरातपासून मद्रासपर्यंत हिंडायचा. येताना पोराला खेळणी आणायचा, आणि एकदा घेऊन आला तो ताप. त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. त्याच्या मागोमाग जयवंतीही आटत चालली तेव्हा सासरच्यांनी भगताकडं नेलं. आठ महिने भगत कोंबड्या मागत राहिला आणि जयवंती जेवण टाकत राहिली. शेवटी तिच्या आईनं तिला झोळीत घालून डहाणूच्या सरकारी दवाखान्यात आणलं, तेव्हा तिचं वजन तेहतीस किलो होतं. सुदाम बारा वर्षांचा. त्याची तपासणी चांगली निघाली, एवढं एक देवानं केलं.

मग गोळ्या सुरू झाल्या. आधी दिवसातून दोनदा, पुढं एकच. जयवंती उठून बसली, चालली, डोंगर चढली. रानभाज्या विकून तिनं पोराला शिकवलं, घराला पत्रे घातले. सुदामचं निर्मलाशी जमलं तेव्हा त्यानं आधीच सगळं सांगितलं होतं. निर्मला आजाराबद्दल दवाखान्यातल्या माणसाशी स्वतः जाऊन बोलून आली आणि मगच हो म्हणाली. पहिले सहा महिने सासूचा कप तिनं वेगळा ठेवला होता. जयवंतीला दिसत होतं, ती बोलली नाही. प्राजक्ता झाली त्या आठवड्यात तो कप आपोआप इतर कपांत मिसळला. त्या कपाचा विषय घरात कधी निघाला नाही. पण जयवंतीच्या लेखी सुनेनं तिला ज्या दिवशी घरात घेतलं तो दिवस तोच.

आणि आता निर्मला पोरीचे कपडे पिशवीत भरत होती.

"माझ्या आईकडं ठेवते तिला. कासाला."

"किती दिवस?"

"तुम्ही गोळ्या सोडल्या असतील तर तो आजार परत वर आलाय. डोक्यात जातो तो, मला माहितीये, मी वाचलंय. रिपोर्ट काढा. रिपोर्ट चांगला आला तर आणते परत."

"आणि नाय आला तर?"

निर्मलानं पिशवीची चेन ओढली. "तर नाही आणत."

रविवारी सुदाम आला. आईसमोर बसला, बायकोच्या बाजूनं बोलला, पण मान खाली घालून. "आये, रिपोर्टचंच म्हणतोय आम्ही. दुसरं काही नाही."

पोरगी नसलेल्या घरात जयवंतीला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. कारण शेवळांची गोष्ट एकटी नव्हती, हे तिला आतून ठाऊक होतं. वर्षभर बारीकसारीक काही निसटत होतं आणि ती हसण्यावारी नेत होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून ती तलासरीपर्यंत गेली होती. जीपमध्ये पाटी विसरून नुसतीच उतरली होती. बारकीकडं चुलीतली राख ओढायचं ते मागायला गेली आणि त्याचं नाव न आठवून "ते, ते काळं" म्हणत दारात उभी राहिली, तेव्हा बारकी म्हणाली होती, "काळं म्हंजे कोण, माझा नवरा का?" दोघी हसून लोळल्या होत्या. बारकी विसरली. जयवंतीच्या पोटात ते हसू खड्यासारखं राहिलं.

आणि हात. पूर्वी जुड्या बांधायला बसली की बोटं आपली आपण चालायची. आता पळसाच्या सालीची गाठ मारताना बोटांना सांगावं लागायचं, आता ही खालून घे, आता ही ओढ.

पण गोळी तिनं चुकवली नव्हती. एकही नाही. की चुकवली होती? रेघ ओढल्याचं आठवायचं. गोळी गिळल्याचं आठवायचं का? रोजची गोष्ट कुणाला वेगळी आठवते! ती भिंतीपाशी बसून रेघांवर बोट फिरवत राहायची. आपल्याच हातानं ओढलेल्या रेघांवर तिचा विश्वास राहिला नव्हता.

डहाणूच्या दवाखान्यातल्या एचआयव्हीच्या सेंटरवर गोळ्या देण्याआधी समुपदेशक नितीन सर बोलायचा. पस्तिशीतला, घामेजलेला, सगळ्यांना नावानं ओळखणारा माणूस. त्यानं बाटलीतल्या उरलेल्या गोळ्या हातावर ओतल्या, मोजल्या आणि म्हणाला, "मावशी, बरोबर आहेत. उरायला हव्या तेवढ्याच उरल्यात."

"सून म्हणते मी फेकते."

"रक्त खोटं बोलत नाही. ते पाठवू मुंबईला. दोन-तीन आठवड्यांत रिपोर्ट येईल." मग त्यानं तिच्याकडं नीट पाहिलं. "विसरायला किती दिवसांपासून होतंय?"

जयवंतीनं चपलांची गोष्ट सांगितली. काळ्याची सांगितली. चौथ्या घासाची सांगताना थांबली, पण सांगितली.

नितीन सर हसला नाही. म्हणाला, "पुढच्या गुरुवारी मुंबईच्या एक डॉक्टरबाई येणारेत. तुमच्यासारख्या जुन्या पेशंटांच्या डोक्याचा अभ्यास करतायत. रक्त घेतात, थोडे प्रश्न विचारतात. तुमची इच्छा असेल तरच. बसाल?"

"त्यांचा कागद मिळेल काय? सुनेला दाखवायला?"

"नाही मावशी. अभ्यासाचा कागद कुणा एकाला देत नाहीत. पण विचारायचं ते त्यांना विचारता येईल."

ती बसली. डॉक्टरबाई चाळिशीच्या होत्या, केस आखूड, आवाज मऊ. त्यांनी आधी पाच शब्द सांगितले आणि म्हणाल्या, "हे लक्षात ठेवा, नंतर विचारेन." मग एक फळी पुढ्यात ठेवली. तिला बारीक भोकं होती आणि वाटीत बारीक खुंट्या. एकेक खुंटी एकेका भोकात बसवायची, होईल तेवढ्या लवकर. भाताच्या आवणीच्या दिवसांत ओळीत सगळ्यांच्या पुढं रोप रोवणारी जयवंती. तिला वाटलं, हे तर पोरांचं काम. पण खुंटी भोकाशी जायची आणि तिथंच वळवळत राहायची. घड्याळाच्या काट्याकडं पाहणाऱ्या डॉक्टरबाईंचा चेहरा कोरा होता, आणि त्या कोरेपणावरूनच जयवंतीला कळलं.

"आता एका मिनिटात जमतील तेवढ्या भाज्यांची नावं सांगा."

जयवंतीनं श्वास घेतला. "शेवळं, लोत, कोळी, टाकळा, करटुली, कोरळ, माठ, तेरा, बाफळी, शेवगा, चाई, मोखा, कुर्डू, पेंढरा, भोकर, वास्तं, अळंबी..."

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. त्यांनी नितीन सराकडं पाहिलं. "ह्या सगळ्या भाज्या आहेत?"

"असाव्यात, मॅडम. मला पण निम्म्याच माहीत आहेत."

"निम्म्या म्हंजे?" जयवंती म्हणाली. "सर, तुमची बायको माझ्याकडनंच तर नेते. खाताना काय डोळे मिटता?"

तिघंही हसले. जयवंतीला बरं वाटलं. डोक्यातलं रान अजून शाबूत होतं.

"बरं, मघाशी मी पाच शब्द सांगितले होते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कोणते?"

जयवंतीनं खिडकीबाहेर पाहिलं. भिंतीवरच्या चित्राकडं पाहिलं. शब्द सांगितले होते हे तिला आठवत होतं. बाईंचे ओठ हललेले आठवत होते. शब्दांच्या जागी नुसती पाटी होती, रिकामी, जीपमधून उतरलेल्या माणसाच्या हातातून सुटलेली.

"एक... एक घंटा होती काय?"

घंटा नव्हती.

नंतर त्यांनी तिचं रक्त घेतलं, सहा बारीक नळ्या.

तीन आठवड्यांनी नितीन सरानं बोलावलं, तेव्हा गुरुवारच होता आणि डॉक्टरबाईही आल्या होत्या. आधी त्यानं रिपोर्ट हातात दिला. "मावशी, व्हायरस सापडतच नाहीये. एवढा कमी की मशीनला दिसत नाही. तुम्ही एकही गोळी चुकवलेली नाही."

जयवंतीनं कागद दोन्ही हातांनी धरला. मनात पहिली आली ती प्राजक्ता. कासाहून जीपमधून उतरताना. मग दुसरा विचार आला.

"मग विसरते कशानं?"

डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढली.

"सेंटरवरच्या डॉक्टरांनी तुमच्या दुसऱ्या तपासण्याही केल्या, थायरॉईड, जीवनसत्त्व. त्या ठीक आहेत. मी नक्की सांगू शकत नाही, जयवंतीबाई. आम्ही तेच शोधतोय. आपल्या रक्तात लढणाऱ्या पेशी असतात. प्रत्येक पेशीत सगळ्या कामांची एक यादी असते. जन्मापासूनची, बदलत नाही. पण त्यातलं कुठलं काम आता चालू आणि कुठलं बंद, हे बदलतं. आम्ही रक्तातून ते वाचतो. तुमच्यासारखा त्रास असलेल्या पुष्कळ जणांमध्ये असं दिसतं, की शत्रू हटला तरी लढाईची कामं बंदच होत नाहीत. पेशी जाग्या राहतात, आग ओकत राहतात. मेंदूतल्या राखणीच्या पेशीसुद्धा. त्याची झळ आठवणीला लागते, हाताच्या चपळाईला लागते."

जयवंतीनं कागद मांडीवर ठेवला. मग म्हणाली, "आमच्या पाड्यात एकदा बिबळ्या आला होता. बकऱ्या नेल्या. मग माणसं डबे बडवीत बसली. बिबळ्या गेला डोंगरापलीकडं, पण डबे थांबले नाहीत. महिनाभर. लहान पोरं झोपेनाशी झाली, आजारी पडली. बिबळ्यानं नाही, डब्यांनी."

डॉक्टरबाई तिच्याकडं पाहत राहिल्या. "हो," त्या म्हणाल्या. "बरंचसं तसंच."

"मग डबे थांबवायची गोळी?"

"अजून नाही. शोधतायत. तुमचा आजार सुरुवातीला फार वाढला होता, उपचार उशिरा सुरू झाले. तेव्हा जे नुकसान झालं त्याचाही भाग असेल. रात्रीची गोळी सोडायची नाही, ती सोडली तर खूप वाईट होईल. बाकी झोप, जेवण, चालणं. आणि घरच्यांना सांगा. घरच्यांना माहीत हवं."

भगताचे आठ महिने. आठ महिन्यांच्या कोंबड्या. जयवंतीला त्या क्षणी रागही धड आला नाही. आपण गोळ्या चुकवल्या असत्या तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चूक असती तर सुधारता आली असती.

जीपमध्ये ती कडेला बसली. कमरेच्या पिशवीत कागद होता. कागदावर एवढंच लिहिलेलं, की व्हायरस नाही. खुंट्यांचं त्यात नव्हतं. पाच शब्दांचं नव्हतं, डब्यांचं नव्हतं. निर्मलानं काय मागितलं होतं? रिपोर्ट. रिपोर्ट चांगला आला तर आणते, असं तिच्याच तोंडचं बोलणं. जयवंती त्यात खोटं काय बोलणार होती? काहीच नाही. ती फक्त गप्प राहणार होती.

निर्मलानं कागद दोनदा वाचला. इंग्रजी आकडे, शिक्का, तारीख. मग तिनं एक गोष्ट केली जी जयवंतीला अपेक्षित नव्हती. ती वाकली आणि सासूच्या पायाला हात लावला.

"माझं चुकलं, आई. मी तुम्हाला खोटं पाडलं."

जयवंतीच्या जिभेवर आलं होतं. अगदी टोकावर. पण निर्मला लगेच फोन काढून सुदामशी बोलायला लागली, "अहो, एकदम क्लिअर आहे," आणि तिच्या आवाजात एवढा आनंद होता की जयवंतीनं ते तसंच गिळलं.

प्राजक्ता रविवारी आली. कासाच्या आजीकडून नवं रिबन आणि नवी शिवी शिकून आली. दोन दिवस जयवंती स्वर्गात होती. वरण आणि भात, भात आणि वरण, असं बिनधोक रांधत राहिली.

तिसऱ्या दिवशी बारकीनं दारात लोतेची जुडी टाकली. शेवळं संपली की त्याच कंदाला पानं फुटतात, ती लोत. खाज तीच, उतारा तोच.

"काय गो, नात आली नि लोत नाय रांधलीस अजून? का सून नाय म्हणते?" बारकी बोलता बोलता डोळे बारीक करून तिच्याकडं पाहत होती. "का तूच भ्यालीस?"

"भिते कोणाला! ठेव तिथं."

तिला जुडी गुरांपुढं टाकता आली असती. पण टाकली असती तर बारकीला कळलं असतं, आणि बारकीला कळलेलं विहिरीला कळतं. शिवाय एवढ्यातेवढ्याला घाबरायचं तर उद्या चूलच सोडावी लागली असती. तिनं हाताला तेल लावलं, पानं चिरली. काकडं काढली, मुद्दाम डोळ्यांसमोर पाट्यावर ठेवली. प्राजक्ता उंबऱ्यात खडे खेळत गाणं म्हणत होती. मधेच पाणी प्यायला आली, मधेच रिबन सुटलं म्हणून आली. जयवंतीनं रिबन बांधलं. गाठ बसेना, दोनदा बांधलं.

कढई उतरवली. भाकर भाजली. ताटलीत लोत वाढली, घास केला. "ये, आ कर."

आणि घास हातात तसाच राहिला.

काकड घातलं का?

पाट्याकडं पाहिलं. पाट्यावर काही नव्हतं. पाटा धुतलेला, ओला. म्हणजे ठेचलं. ठेचलं असेल तर रस घातला असेल. की उचलून ठेवलं आणि नुसताच पाटा धुतला? तिनं सूप पाहिलं, टोपली पाहिली. टोपलीत काकडं होती. आधी किती होती? कढईत डोकावली. रस मिसळला की दिसत नाही, काकड डोळ्यांना सापडत नाही. ते फक्त घशाला सापडतं.

"आजी, दे ना. भूक लागली."

जयवंतीनं तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

मग दुसरा. मग ती ताटली आपल्यापुढं ओढून, भाकरीचा तुकडा मोडून नीट बसली आणि जेवायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा त्या घरात तिचं ताट आधी लागलं होतं. पोर समोर दुसरी, रिकामी ताटली घेऊन बसली होती आणि तिला कळत नव्हतं की आजीला काय झालंय. जयवंती खात होती आणि घशाकडं लक्ष लावून होती. थोडं टोचलं का? भाकरीचा कोंडा असेल. थांबावं. अजून थोडं थांबावं. त्या दिवशी पोरीला तिसऱ्या घासाला कळलं होतं, पण म्हाताऱ्या घशाला उशिरा कळत असेल.

"खाजतं का गं आजी?" प्राजक्तानं विचारलं. तिनं आपलं आपण ओळखलं होतं.

"बघू. थांब थोडी."

त्या दिवशी कारखान्यात वीज गेली म्हणून निर्मला लवकर सुटली होती. दारात आली तेव्हा तिला दिसलं ते असं. सासूच्या पुढ्यात खाल्लेलं ताट, आणि पोरगी रिकाम्या ताटलीवर बोट फिरवत उपाशी. पलीकडच्या अंगणातून बारकीही बघत होती. "आता सासवा आधी जेवायला लागल्या, बाई," ती मोठ्यानं म्हणाली. "पोरीनं मागनं उरलंसुरलं खायचं."

निर्मलानं दार ओढून घेतलं. "आई? हे काय?"

"पाटा धुतलाय," जयवंती म्हणाली. "पण काकड घातलं का, ते आठवत नाय. म्हणून आधी मी खाल्लं. अर्धा तास झाला की तिला देणार होते."

"पण रिपोर्ट—"

"रिपोर्ट खरा आहे. गोळी मी घेते. ही गोष्ट गोळीची नाय." आणि मग तिनं सांगितलं. खुंट्या, पाच शब्द, बिबळ्या, डबे. डॉक्टरबाईंनी घरी सांगायला सांगितलं होतं तेही. "मी नाय सांगितलं. पोर येणार होती, म्हणून नाय सांगितलं. तू पायाला हात लावलास तेव्हाच सांगायला हवं होतं."

निर्मला उभीच होती. खांद्यावरची पर्स तिनं उतरवली नव्हती. जयवंतीला वाटलं, आता ती आतल्या खोलीत जाईल, फळीवरची पिशवी काढेल. चेनचा आवाज येईल.

"कमी होईल का हे?"

"गोळी नाय त्याला. सांभाळून राहायचं म्हणाल्या. वाढेल का, तेही नक्की सांगत नाय कोणी."

प्राजक्तानं ताटली जमिनीवर आपटली. तेव्हा निर्मलानं पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि सासूच्या बाजूला, चुलीच्या इतक्या जवळ बसली की तिच्या कंपनीच्या ड्रेसला राख लागली. कढईतून लोत घेतली, भाकरीला लावली, तोंडात घातली. सावकाश चावली. गिळली. थोडं थांबली.

"काकड आहे," ती म्हणाली.

जयवंतीनं डोळे मिटले.

"मीठ नाहीये."

जयवंतीनं ताटाकडं पाहिलं. अख्खी भाकर संपली होती. घशाकडं लक्ष देताना जिभेकडं लक्षच गेलं नव्हतं.

निर्मलाला हसू आलं की रडू, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. मग मिठाचा डबा ओढला, कढईत मीठ टाकलं, ढवळलं आणि पोरीच्या ताटलीत वाढलं. "उद्यापासून लोत, शेवळं, असलं काही घरात येणार नाही. बारकी काकूंना मी सांगते. आणि जे काही रांधाल ते आधी तुम्ही खायचं. रविवारी मी घरी असले तर मग मी. मग ही. कोणी काही म्हटलं तर म्हणू दे."

"पोर इथंच?"

"आणि कुठं? माझी आई काय दिवसभर घरी बसून असते?" निर्मला जरा चिडूनच म्हणाली. मग हळू आवाजात, "पण जे विसराल ते मला सांगायचं, आई. लपवलंत तर मग नाही."

"सांगेन."

प्राजक्ता जेवायला लागली. पहिल्या घासाला तिनं आजीच्या तोंडाकडं पाहिलं, मग आईच्या, मग चावायला लागली. बाहेर बारकीची कोंबडी ओरडत होती. जयवंती भिंतीला टेकून नातीचं जेवण बघत होती. मग तिचा हात सावकाश मिठाच्या डब्याकडं गेला आणि झाकणावर थांबला.

"निर्मला, मीठ घातलंस काय तू?"

"घातलं ना, आई," निर्मला म्हणाली. "आत्ताच. तुमच्यासमोर."